साळवेकाकांच्या लॅपटॉपमधल्या दोन डिस्क

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, सुनंदाताई, कॉम्प्युटर दुरुस्तीतल्या गमतीजमती लिहा, काहीतरी हलकंफुलकं. हलकंफुलकं म्हणे! अठ्ठावीस वर्षं लोकांच्या टेबलांखाली शिरून वायरी ओढल्यात मी, कमरेची पार वाट लागली आहे. तरी लिहिते. गमती आधी उरकते, म्हणजे बाई नाराज व्हायच्या नाहीत. मग मला जे सांगायचं आहे ते सांगेन, आणि त्यातलं काही कापायचं नाही अशी अट मी घातली आहे.

तर गमती. नोएडाचे एक रिटायर्ड कर्नल माऊस रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. काउंटरवर रुमाल उलगडला आणि एकच शब्द बोलले, ‘गया.’ वसुंधरातल्या एका बाईंचा कॉम्प्युटर देवघरात होता, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तेवढा तिथेच होता. कीबोर्डात अक्षता आणि उदबत्तीची राख. मी तो उलटा करून झटकायला लागले तर बाईंनी खाली पदर धरला. गुडगावच्या एका कॉल सेंटरचा सर्व्हर महिन्यातून दोनतीनदा बंद पडायचा. चार चकरा मारल्यावर कळलं की सगळ्या बिल्डिंगमध्ये थंडगार खोली तीच, म्हणून वाढदिवसांचे केक तिथे ठेवत, आणि केकला जागा करताना कुणाचा तरी धक्का प्लगला लागे. झाल्या गमती.

आता माझ्याबद्दल, थोडक्यात. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नेहरू प्लेसच्या एका कंपनीत लागले. सरकारी ऑफिसं आणि बँका यांचे सर्व्हर चालू ठेवणं हे कंपनीचं काम. चौदा वर्षं तेच केलं. तोवर देशाची दारं उघडली होती, यमुनेपलीकडच्या शेतांत बघता बघता इमारती उभ्या राहिल्या आणि घराघरात कॉम्प्युटर आला. मग मी नोकरी सोडली आणि गाझियाबादला वैशालीत एका शटरचं दुकान टाकलं. बाईमाणूस मशीन उघडते हे बघायलाच सुरुवातीला लोक यायचे. पण काम चोख होतं माझं. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर दुसरं कुणी सांगणार नाही.

त्या चौदा वर्षांत एक सवय अंगात मुरली. सरकारी ऑफिसात महत्त्वाच्या कागदाची नक्कल असायचीच, आणि सर्व्हरचंही तसंच असे. आत दोन डिस्क. पहिलीवर जे लिहिलं जाई तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत. अशा डिस्क जोडून वापरायच्या पद्धतीला आमच्यात रेड म्हणतात. मेलेल्या डिस्क मी ढिगानं काढल्या असतील, पण एकाही खात्याची एक ओळ कधी गेली नाही. मी जिथे म्हणून दोन डिस्क पाहिल्या तिथे नक्कलच पाहिली. दोन डिस्कचा दुसरा काही उपयोग असतो हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हातानं कधी केलं नव्हतं, आणि हातानं न केलेलं डोक्यात किती राहतं?

साळवेकाका माझे गिऱ्हाईक. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, पाण्याच्या खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. काका आणि काकू वैशालीत भाड्यानं राहत होते आणि हायवेलगतच्या एका नव्या टॉवरमध्ये त्यांनी अकराव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला होता. टॉवर सातव्या मजल्यावर येऊन थांबला. बिल्डर म्हणे काम चालू आहे, जरा धीमं आहे इतकंच. शेवटी फ्लॅट घेणाऱ्यांनी मिळून ग्राहक मंचात केस केली आणि कागदपत्रं सांभाळायचं काम साहजिकच काकांकडे आलं.

काकांनी एक रीत लावून घेतली होती. दर रविवारी चर्च सुटलं की दोघं स्कूटरवरून टॉवरपाशी जायचे. काकूंनी त्या दिवसाचं वर्तमानपत्र छातीशी धरून उभं राहायचं, तारीख दिसेल असं, आणि काकांनी फोटो काढायचा. मागे टॉवर, सात मजले. पुढच्या रविवारी पुन्हा सात मजले. ना मजूर, ना सिमेंटची गोणी. काम बंद आहे याचा याहून साधा पुरावा कुठला? काका प्रत्येक फोटो सीडीवर घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवत.

मग त्यांच्या मुलीनं सिंगापूरहून लॅपटॉप आणला. वहीएवढा पातळ, आणि वेग असा की बटण दाबून हात मागे घेईपर्यंत चालू. आत सॉलिड स्टेट ड्राइव्ह होते. त्यांत जुन्या डिस्कसारखी फिरणारी चकती नसते, सगळं चिपांवर लिहिलेलं असतं. आमच्या भागात तेव्हा हा प्रकार नवाच होता. काकांनी जुने फोटो त्यात घालून घेतले आणि मला विचारलं, सीड्या चालू ठेवू का? मी लॅपटॉपच्या माहितीवर नजर टाकली. दोन ड्राइव्ह, रेड. एवढं वाचून मी म्हणाले, ‘काका, आत दोन डिस्क आहेत. सगळं आपोआप दोनदा लिहिलं जातं. कशाला तो सीड्यांचा खटाटोप?’ चहा प्यायले आणि निघाले. हे बोलले होते हेसुद्धा मी विसरले.

पुढे दीड वर्षानं काकांचा फोन आला. कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह लावला की दर वेळी व्हायरस यायचा आणि फोल्डर गायब व्हायचे. मी ते परत आणून द्यायचे, पण काका धास्तावले होते, कारण सुनावणी बारा दिवसांवर आली होती. त्यांनी पेपरात लिनक्सबद्दल वाचलं होतं. विंडोजसारखीच मशीन चालवणारी ही दुसरी व्यवस्था. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या व्हायरसांना तिथे थारा नाही. काकांचा बेत असा की विंडोज राहू दे, मुलीशी बोलायला लागतं. शेजारी लिनक्स घाला आणि फोटो त्यातूनच उघडू. मला बिल्कुल पटलं. लिनक्स मी मासिकांबरोबर सीडी फुकट मिळायची तेव्हापासून वापरत होते आणि वैशालीत तेवढं कुणाला येत नाही हा माझा तोरा होता.

शनिवारी सकाळी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसले. काकू पोहे करत होत्या.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. विंडोजमध्ये बघितलं तर एकच डिस्क दिसत होती, दोनशे अडतीस जीबीची. लिनक्स घालायला गेले तर दोन दिसल्या, प्रत्येकी एकशे एकोणीस. पहिलीवर विंडोजच्या खुणा होत्या, पण आकडे असे की डिस्क संपल्यावरही विंडोज पुढे पसरलेलं. दुसरी कोरी दिसत होती. आता नक्कल म्हणावी तर दोन्ही सारख्या दिसायला हव्यात. मी बंद करून परत चालू केलं. तेच. दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिनक्सची आधीची आवृत्ती होती, ती लावली. तेच. काका समोर बसून बघत होते, मी त्यांना ‘अच्छा, एक मिनिट’ म्हणत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

मी मनाशी तर्क लढवले. डिस्क विकणारे आकडे फुगवून सांगतात, तसं असेल. लिनक्सला हा ड्राइव्ह नीट वाचता येत नसेल. की नकलेची जोडी तुटली असेल? सर्व्हरमध्ये हे नेहमी व्हायचं. दुसरी डिस्क काही कारणानं बाजूला पडते आणि कोरी दिसते. हा तर्क सुचला आणि मला हायसं वाटलं. हा आजार माझ्या ओळखीचा होता. म्हणजे फोटो पहिलीवर सुखरूप, दुसरी मोकळी, लिनक्स दुसरीवर घालावं. दोनशे अडतीसचा आकडा तेवढा खुपत होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण पोहे आले होते, काका विश्वासानं बघत होते, आणि मला कळत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. एंटर दाबलं.

लिनक्स झकास बसलं. काकांना दाखवलं, काका खूश. मग विंडोज दाखवायला मशीन परत चालू केलं, तर काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत ओळ आली की डिस्कची जोडी निकामी झाली आहे. विंडोज नाही. लिनक्समधून पहिल्या डिस्कवरचे फोटो शोधले. सापडले, उघडलेही. वर आभाळाची पट्टी यायची आणि खाली नुसता करडा रंग. दुसरा उघडला. आभाळ आणि करडा रंग. तिसऱ्यात तेवढंही नाही. दोन तास मी तशीच बसून होते. माझ्या हातांना माहीत होतं की पहिली डिस्क मी शिवलेलीसुद्धा नाही. मग हे काय चाललंय? काकूंनी तीनदा चहा दिला.

शेवटी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं एकशे एकोणीस दोनदा लिहून बेरीज केली. दोनशे अडतीस. पहिलीतल्या मुलाला आली असती.

हे नीट सांगते. एक वही दोन कारकुनांना उतरवायला दिली, तर दोन पद्धती होतात. एकात दोघंही तेच लिहितात, म्हणजे एकाची वही जळली तरी दुसऱ्याची असते. दुसऱ्या पद्धतीत एक जण पहिली ओळ लिहितो, दुसरा दुसरी, पहिला तिसरी. काम दुप्पट वेगानं होतं, पण वाचायच्या तर दोन्ही वह्या लागतात. एक गेली की उरलेलीत नुसत्या सुट्या ओळी. काकांच्या लॅपटॉपात ही दुसरी पद्धत होती. तो सुसाट वेग तिथूनच येत होता. सरकारी सर्व्हरवर असलं धाडस आम्ही स्वप्नातही केलं नसतं, म्हणून दुसरं कुणी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी एका कारकुनाची अख्खी वही पुसून तिच्यावर लिनक्स लिहिलं होतं.

मी काकांना म्हणाले, ‘काका, दोन डिस्कवर एकच गोष्ट नव्हती. अर्धी अर्धी होती. त्यातली अर्धी मी पुसली.’

काकांनी सीड्यांच्या कपाटाकडे बघितलं. मग फाईलमधली एखादी नोंद तपासावी अशा आवाजात म्हणाले, ‘पण तुम्ही म्हणालात म्हणून मी सीड्या बंद केल्या.’

त्यांनी रागावून म्हटलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. मला एकदम ते आधीचं आठवलं, तो चहा, ते माझं ऐटीत सांगणं. लॅपटॉप येण्याआधीचे फोटो सीडीवर होते. कॅमेऱ्यातलं कार्ड काका दर वेळी रिकामं करत, पेनड्राइव्हवर नुसती पत्रं आणि अर्ज असत. त्यानंतरच्या दीड वर्षाचा एकही फोटो दुसरीकडे कुठे नव्हता. आणि केस मुख्यतः त्याच दीड वर्षाची होती.

काकूंनी मात्र सुनावलं. ‘त्या धुळीत ट्रकांच्या मध्ये मी उभी राहायचे,’ त्या म्हणाल्या, ‘मे महिन्यातसुद्धा. तुम्ही दोघं नाही.’ आणि आत निघून गेल्या. खरंच होतं ते.

पुढचे चार दिवस दुकान बंद ठेवून मी त्या उरलेल्या डिस्कशी झगडले. नेहरू प्लेसच्या एका जाणकारालाही दाखवलं, त्यानं नकारार्थी मान हलवली. मोठे फोटो गेले ते गेलेच, कारण प्रत्येकाचे तुकडे दोन्ही डिस्कवर वाटलेले होते. पण प्रत्येक फोटोबरोबर मशीन एक इवलंसं चित्र ठेवतं, फोल्डर उघडला की दिसतं ते. ते इतकं लहान असतं की एकाच डिस्कवर अख्खं मावतं. त्यातली जी या डिस्कवर पडली होती ती मी एकेक करून वेचली. निम्म्याच्या आसपास रविवार हाताला लागले, पण पोस्टाच्या तिकिटाएवढे. टॉवरचे सात मजले मोजता येत होते. वर्तमानपत्र म्हणजे पांढरा ठिपका. तारीख कुठली दिसायला.

ती चित्रं घेऊन गेले तेव्हा काकांनी भिंग आणलं, बघितलं आणि खाली ठेवलं. तारखेशिवाय काय उपयोग, एवढंच म्हणाले. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या, पण त्यांनी ते भिंग उचललं आणि पडद्याजवळ वाकल्या. एकेक चित्र बघत शेवटी म्हणाल्या, ‘हा माझा हात आहे.’

काकूंचं मनगट त्या दीड वर्षात मोडलं होतं. सात रविवारच्या चित्रांमध्ये हात पांढरा दिसत होता, कोपरापर्यंत. प्लास्टर! आणि प्लास्टर कधी घातलं, कधी काढलं, याचे हॉस्पिटलचे कागद काकांच्या फाईलमध्ये तारखेनिशी होते. म्हणजे त्या सात रविवारांची तारीख काकूंच्या हातावर होती. प्लास्टरच्या पहिल्या रविवारी टॉवर सात मजल्यांचा, काढायच्या आदल्या रविवारीही सात मजल्यांचा. काकूंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. मी तो उचलला आणि रडले, खोटं कशाला सांगू.

वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, चित्रं उपयोगी आहेत, पण समोरचा पहिला प्रश्न विचारेल की मूळ फोटो कुठे आहेत. ही चित्रं तुम्हीच बनवली नाहीत कशावरून? मग त्यांनीच सोपा तोडगा सांगितला. व्हायरसनं खाल्ले म्हणा, सगळ्यांचेच खातो, यार, कोण विचारतंय. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, ‘सुनंदाताई, तुमचं दुकान आहे. तुम्ही ठरवा.’

केसमध्ये जे लोक होते त्यांतले निम्मे माझे गिऱ्हाईक होते. त्यांच्यासमोर उभं राहून मी सांगायचं की मीच पुसलं, आणि सीड्या बंद करायलाही मीच सांगितलं होतं? घरी यजमान म्हणाले, वेडी आहेस का, व्हायरस म्हणून मोकळी हो. दोन दिवस मला काही सुचत नव्हतं. व्हायरस म्हटलं असतं तर चाललंही असतं. पण बिल्डरचा वकील एखाद्या हुशार माणसाला घेऊन आला असता, त्यानं ती डिस्क बघितली असती आणि पाच मिनिटांत सांगितलं असतं की हे व्हायरसचं काम नाही. मग काकूंची चित्रंही खोटी ठरली असती, त्यांचा मोडलेला हातसुद्धा. माझ्या दुकानापायी ते मला होऊ द्यायचं नव्हतं. मी प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सीड्यांच्या सल्ल्यासकट.

सुनावणी तीनचार वेळा पुढे ढकलली गेली आणि मग एकदाचं मला उभं केलं. मागे सगळी वैशाली बसलेली. बिल्डरच्या वकिलांनी माझा कागद हातात धरून विचारलं, ‘मॅडम, इतने साल का अनुभव लिखा है आपने. आपको अपना काम आता है?’

मी म्हणाले, ‘उस दिन नहीं आया, सर.’

कुणीतरी मागे हसलं. वकील खाली बसले.

त्यानंतर दुकानात माणसं कमी झाली. सोसायट्यांची वर्षाची दोन कामं हातची गेली. एक गृहस्थ तर लॅपटॉप काउंटरवर ठेवून, मग माझ्याकडे नीट बघून, तो परत पिशवीत घालून गेले. मी त्यांना दोष देत नाही. पण वाईट वाटायचं, फार वाटायचं. पुढे हळूहळू सावरलं. कुठलंही मशीन उघडण्याआधी मी गिऱ्हाइकाला सांगायला लागले की आत काय आहे ते मला अजून माहीत नाही, आधी बघू द्या. काहींना ते आवडायचं नाही.

निकाल लागायला वर्षं गेली. लागला तो फ्लॅटवाल्यांच्या बाजूनं. सीडीवरच्या फोटोंचा काळ धरला, प्लास्टरचे सात आठवडे धरले. उरलेलं सव्वा वर्ष काम बंद होतं हे सिद्ध होत नाही, असं म्हणून ते सोडून दिलं. निकालाची प्रत घेऊन काका स्वतः दुकानात आले. आता काठी घेऊन चालत होते. त्यांनी एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून आणली होती. मराठीत सांगायचं तर ते असं, की या तंत्रज्ञ महिलेनं स्वतःच्या धंद्याला मारक ठरेल अशी चूक आपणहून सांगितली आहे, त्यामुळे तिच्यावर अविश्वास दाखवायला कारण दिसत नाही.

मी ते वाचलं आणि विचारलं, काका, ते मधलं सव्वा वर्ष?

‘ते गेलं,’ काका म्हणाले. मग मी नीट वाचलं की नाही हे बघायला त्यांनी कागद माझ्याकडे आणखी सरकवला.

अठ्ठावीस वर्षांत मी किती मशीनं चालू केली याची कुठे नोंद नाही. माझ्या कामाबद्दल सरकारी कागदावर लिहिलेलं एवढं एकच वाक्य आहे. ते माझ्या चुकीचं आहे, आणि ते मला साळवेकाकांनी आणून दिलं.